अकराव्या मजल्यावरची ऑर्किडं आणि बाल्कनीतला नळ

काकू दादरला नव्या इमारतीत राहायला आल्या २०२३च्या जानेवारीत. टेम्पोतून उतरलेल्या सामानात चौदा ऑर्किडं होती आणि चौदाही धडधाकट होती. मार्च २०२४मध्ये मी ती दुसऱ्यांदा बघायला गेले तेव्हा अकरा उरली होती आणि त्यातल्या दहांची मुळं टोकाशी काळी पडून वाळली होती. मधल्या चौदा महिन्यांत काकूंनी त्यांना तीनदा बुरशीनाशक पाजलं, दोनदा कुंड्या बदलल्या, हिरवी जाळी लावली, काढली, पुन्हा लावली. वास्तुशांत राहिली होती तीही उरकून घेतली. मी सुचवलेली एक गोष्ट त्यांनी चार महिने मनोभावे केली, आणि सगळ्यांत जास्त नुकसान बहुधा तिनेच झालं. म्हणून हे प्रकरण नीट लिहून ठेवतेय.

झाडं आणि घर

काकूंचं मूळ घर दादर पश्चिमेच्या एका तीन मजली चाळीत. कॉमन गॅलरीच्या कठड्याला तारेने टांगलेली डेंड्रोबियम हा त्या चाळीचा दागिनाच होता. त्यातली बरीचशी राणीबागेत पालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं तिथल्या फेऱ्यांमध्ये जमवलेली. २०१८मध्ये चाळ पुनर्विकासाला गेली. काकू-काका मुलुंडला तळमजल्यावर भाड्याने राहिले आणि ऑर्किडंही त्यांच्याबरोबर गेली. तिथेही ती फुलली. दादरच्या गॅलरीपेक्षा बरी फुलली, असं काकूंचं म्हणणं.

हिशोब असा : नऊ डेंड्रोबियम, तीन फॅलेनॉप्सिस, टोपलीत अधांतरी लोंबणारा एक वांडा आणि एक सीतेची वेणी. ही शेवटची विकतची नाही. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोलीजवळच्या त्यांच्या माहेरच्या वाडीत आंब्याची एक फांदी मोडली, तिच्यावर ही आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, होती. भावाने ती फांदीसकट पडवीत टांगून ठेवली आणि दिवाळीत काकूंनी आणली. (झाडावरची आमरी ओरबाडून आणणाऱ्यांशी माझं जमत नाही, पण मोडून पडलेल्या फांदीवरची वाचवली तर हरकत कसली? हेच फूल आसामात कोपौ म्हणून बिहूला केसांत माळतात आणि ते त्या राज्याचं राज्यफूलही आहे. म्हणजे वेणी ती दोन्हीकडे वेणीच.)

नवं घर अकराव्या मजल्यावर. पश्चिमेला बाल्कनी, समोर इमारतींच्या फटीतून समुद्राची चकती दिसते. दुपारी अडीचनंतर ऊन थेट आत, वारा दिवसभर. बाल्कनीत धुण्यासाठी एक नळ काढलेला. काकू त्या नळावर फार खूश होत्या, कारण चाळीत गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायचं म्हणजे आतून बादल्या वाहायच्या. इथे नळाला नळी जोडली की झालं.

लक्षणं

पहिल्या मे महिन्यात डेंड्रोबियमच्या पानांची टोकं तपकिरी पडायला लागली. टोकापासून आत सरकत जाणारी, कडेला पिवळी किनार असलेली वाळ. जूनमध्ये एक डेंड्रोबियम गेलं. मग पाऊस आला आणि झाडं सावरली, हे महत्त्वाचं. मुंबईत ऑर्किडवाल्यांची रड नेमकी उलटी असते. आषाढ-श्रावणात मुळं कुजतात, बुंधे मऊ पडतात आणि दिवाळीनंतर जी वाचली ती वाचली. काकूंकडे मात्र ऑगस्टमध्ये कठड्यावरच्या डेंड्रोबियमना नवी मुळं फुटली, हिरव्या टोकांची, टवटवीत. भिंतीकडच्या स्टँडवर, पावसाची झड पोचत नव्हती तिथे ठेवलेली तिन्ही फॅलेनॉप्सिस मात्र होती तशीच मलूल राहिली. ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि सावरलेली झाडंही पुन्हा उतरणीला लागली.

हे सगळं मला काकूंनी नोव्हेंबरमध्ये, पहिल्याच भेटीत, अगदी क्रमाने सांगितलं होतं. पावसात सुधारतात, उन्हाळ्यात बिघडतात, आणि ज्यांना पाऊस लागत नाही ती सुधारतच नाहीत. उत्तर त्या तीन वाक्यांत होतं. मी ते ऐकलं आणि त्यातून भलताच अर्थ काढला.

माझं पहिलं निदान

मी बघितलं ते असं. फॅलेनॉप्सिसची पानं हातरुमालासारखी लुळी, मधोमध दुमडलेली. डेंड्रोबियमचे दांडे सुरकुतलेले, उभ्या खाचा पडलेल्या. कुंडीतला कोळसा वरून कोरडा. वारा इतका की बोलताना पदर सावरावा लागत होता. मी म्हणाले, "काकू, ही तहानलेली आहेत. मुलुंडला तळमजल्यावर दमट सावली होती, इथे वाऱ्याने तासाभरात सुकतायत. दिवसातून दोनदा पाणी घाला."

झाडं तहानलेली होती, एवढं बरोबर होतं. ती का तहानली, हे मी वाऱ्यावर ढकलून मोकळी झाले. पावसात ती सुधारली हेही माझ्या सिद्धान्तात चपखल बसलं : पावसात हवा दमट, म्हणून बरी. चपखल बसणाऱ्या गोष्टीला आपण पुन्हा हलवून बघत नाही.

काकूंनी त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं. त्यात आणखी एक गोम. दहाव्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा वाळत घातलेल्या चादरींवर काळं पाणी पडल्याची तक्रार केली होती. तेव्हापासून काकू कुंडीला जेमतेम फुलपात्रभर पाणी घालत, खालून एक थेंबही ओघळू नये इतपत. इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी सुचवलं म्हणून महिनाभर इप्सम सॉल्टही दिलं, लिटरला एक चमचा. तांदळाचं धुवण, केळीच्या सालीचं पाणी हे तर चालूच होतं. ऑक्टोबरात, माझ्याही आधी, त्यांनी सगळ्या डेंड्रोबियमच्या कुंड्या बदलून त्यात माहेरहून आलेल्या नारळाच्या सोडणाचे तुकडे भरले होते, कोरडेच.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. "अगं, तू सांगितलंस तसं दोनदा घालतेय, पण आता वांडापण चाललाय."

मावशी

दुसऱ्या भेटीत मी झाडं उपटून मुळं बघायची या तयारीनेच गेले. डेंड्रोबियमची एक कुंडी पालथी केली. जास्त पाण्याने कुजलेलं मूळ चिमटीत धरलं की मऊ लागतं, वरचं साल मोज्यासारखं सरकून येतं आणि हातात आतला दोरा राहतो. इथे तसं काही नव्हतं. मुळं मधल्या भागात टणक होती, चिमटीला दाद देत नव्हती. मेली होती ती फक्त टोकं, काळी, कोरडी, जळलेल्या काडीसारखी. वास नाही, चिकटपणा नाही. कोळशाच्या तुकड्यांवर मात्र पांढरी बुरी होती आणि मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला, जुन्या भिंतीला लोणा लागतो तसा, पांढरा पापुद्रा.

वांडाची मुळं कोरडी असताना चंदेरी दिसतात आणि पाणी लागलं की क्षणात हिरवी होतात. बघणाऱ्याला गंमत वाटावी इतकं पटकन. मी फवारा मारला. मुळं हिरवी झालीच नाहीत, खडूसारखी पांढरीच राहिली. ओलं बोट घेऊन एक मूळ चोळलं तर बोटाला पिठूळ काहीतरी आलं.

मी "हे काय असेल" म्हणून काकूंकडे बघतेय, तेवढ्यात पायपुसणी धुवायला कामाच्या मावशी बाल्कनीत आल्या. नळ समोर असताना त्या मोरीतून बादली भरून आणत होत्या. मी सहज विचारलं, "इथला नळ बंद आहे का?"

"चालू आहे की. पण खारं पाणी येतं त्याला. साबणाला फेसच नाही. मी पहिल्या दिवसापासून आतलंच घेते."

काकू म्हणाल्या, "मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

मीही विचारलं नव्हतं. किती पाणी, कितीदा, सकाळी की संध्याकाळी, हे सगळं मी खोदून खोदून विचारलं होतं. कोणत्या नळाचं, हे नाही.

मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. बाल्कनीत तीनच जीव मजेत होते. त्यातल्या दोघी म्हणजे तुळस आणि सीतेची वेणी. काकूंचा त्यावर साधा खुलासा होता : त्या दोघींना त्या रोज देवांच्या स्नानाचं पाणी घालत. ते पाणी स्वयंपाकघरातल्या नळाचं. देवाला बाल्कनीतल्या नळाचं पाणी कोण घालेल? माहेरच्या आमरीला माहेरवाशिणीचा मान म्हणून देवाचं पाणी मिळत होतं आणि त्यावर ती तगली होती. तिसरी होती बोगनवेल. ती त्याच बाल्कनीतल्या नळावर जांभळी भडक फुललेली, आणि तिनेच आम्हाला सगळ्यांना फसवलं. पाण्यात दोष असता तर बोगनवेल अशी फुलली असती का, असं कुणालाही वाटेल. पण बोगनवेल खारटपणा बराच सोसते, समुद्राकाठच्या बंगल्यांच्या कुंपणांवर उगाच नाही ती दिसत. ऑर्किड सोसत नाही.

मोजमाप

दुसऱ्या दिवशी मी माझं टीडीएस मीटर घेऊन गेले. चारशे रुपयांना मिळतं. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे वीज किती सहज वाहते ते मोजून पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग क्षार असा, आकडा दाखवतं. क्षार कोणते, ते सांगत नाही. पण आमच्या कामाला तेवढं पुरतं.

स्वयंपाकघरातला नळ : ६६. मोरीतला : ६८. बाल्कनीतला : १,४८०. फ्लशच्या टाकीतलं पाणी : १,४७०.

शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर आणखी कुणाला विचारायची गरज नव्हती, तरी आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं की बाल्कनीचे नळ बोरिंगच्या लाइनवर आहेत, फ्लशिंग आणि गार्डनिंगसाठी, नकाशातही तसंच आहे. त्यात चूक काही नाही. राष्ट्रीय इमारत संहिता माणशी रोजच्या पाण्यातले ४५ लिटर फ्लशसाठीच धरते, आणि तेवढं शहापूरच्या डोंगरांतून आणलेलं पिण्याचं पाणी संडासात ओतण्यापेक्षा बोरिंगचं वापरणं शहाणपणाचंच. फक्त दादर-माहीमला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. इथल्या बोअरमध्ये खारं पाणी शिरतं, आणि भूजल खाली गेलं की उन्हाळ्यात ते आणखी खारट होतं. नळावर एक पाटी हवी होती, एवढंच.

पालिकेच्या पाण्याबद्दल आपण मुंबईकर कुरकुरतो, पण ऑर्किडच्या दृष्टीने ते नशीबच म्हणायचं. १८६०मध्ये विहार, १८९२मध्ये तानसा आणि पुढे वैतरणा, भातसा : हे सगळं पावसाचं साठवलेलं पाणी, म्हणून मऊ. ऑर्किडवाले साधारण २००च्या आतलं पाणी उत्तम मानतात आणि ५००च्या वर गेलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलुंडलाही पालिकेचंच पाणी, चाळीतही तेच. झाडांनी आयुष्यात कधी दुसरं पाणी पाहिलेलं नव्हतं.

मग खरी मोजणी केली. एका डेंड्रोबियमच्या कुंडीवर मोरीतलं अर्धा लिटर पाणी ओतलं आणि खालून गळलेलं वाटीत धरलं. वरून ६८चं पाणी घातलं होतं, खालून २,९५०चं आलं. म्हणजे नळाच्या दुप्पट खारट. नळातून येतं त्यापेक्षा जास्त मीठ कुंडीत कसं?

इथे माझा दोनदा पाणी घालण्याचा सल्ला कामाला आला. १,४८०चं पाणी म्हणजे लिटरमागे जवळजवळ दीड ग्रॅम क्षार. काकू एका कुंडीला एका वेळी साधारण दोनशे मिलिलीटर घालत, दिवसाला चारशे. म्हणजे रोज सुमारे ०.६ ग्रॅम. चार महिन्यांत सत्तर ग्रॅमच्या आसपास, चार मोठे चमचे भरून मीठ, एका कुंडीत. थोडं वाहून गेलं असेल, पण चादरींच्या धाकाने काकू पाणी वाहूच देत नव्हत्या. वाऱ्याने पाणी उडून जाई आणि मीठ मागे राही. मिठागरात याहून वेगळं काय करतात? त्यावर इप्सम सॉल्ट, म्हणजे आणखी क्षार. आणि सोडण. किनाऱ्याकडच्या नारळाच्या सोडणात मुळातच क्षार असतात, ते भिजवून काढल्याशिवाय कुंडीत भरायचं नसतं.

तहानेचं कोडंही सुटलं. ऑर्किडच्या मुळावर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं जाड आवरण असतं. पाऊस पडला की ते क्षणात पाणी टिपून घेतं, झाडाच्या खोडावर राहणाऱ्याला तशीच घाई लागते. पण स्पंज निवडून टिपत नाही, मीठही टिपतो. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आधी घातलं तर वाटीभर पाणी सुटतं. काकडीतलं पाणी मिठाकडे जातं, उलटं नाही. ओल्या कुंडीत बसून ही मुळं तशीच आतून कोरडी पडत होती. लुळी पानं आणि सुरकुतलेले दांडे बघून मी म्हणाले "पाणी कमी पडतंय", आणि ग्रुपवरचे म्हणाले "पाणी जास्त होतंय". लक्षण दोन्हींचं एकच.

उपचार

बुरशीनाशक आणि खतं बंद केली. तिन्ही वेळचं बुरशीनाशक नसलेल्या रोगावर गेलं होतं.

डेंड्रोबियमचं सोडण सगळं फेकून दिलं. काळी टोकं धारदार कात्रीने, प्रत्येक झाडागणिक कात्री मेणबत्तीवर तापवून, निरोगी भागापर्यंत कापली. टणक मुळं ठेवली. जुना कोळसा धुवून परत वापरायचा काकूंचा विचार होता, पण कोळसा क्षार धरून ठेवतो, म्हणून तोही टाकला. नवा कोळसा, विटांचे बोराएवढे तुकडे आणि थोडं सोडण. सोडण या वेळी तीन दिवस भिजवलं, रोज पाणी बदलून. पहिल्या दिवशी त्याच्या पाण्याचं रीडिंग १,९०० आलं आणि तिसऱ्या दिवशी २४०. काकूंनी स्वतः मीटर बुडवून बघितलं आणि "ऑक्टोबरात मी हे तसंच भरलं!" म्हणून डोक्याला हात लावला.

फॅलेनॉप्सिसच्या मुळांभोवती नर्सरीतून येतानाचाच मॉसचा गोळा होता, बुंध्याच्या बरोबर खाली, लपलेला. तो काढताना अर्धा तास गेला. ज्यांची मुळं बरी होती त्या दोन कुंड्या आम्ही बदलल्या नाहीत, नुसत्या धुतल्या. मोरीत कुंडी ठेवायची, मोरीतलंच पाणी हळूहळू कुंडीच्या तिप्पट-चौपट ओतायचं, वीस मिनिटं थांबायचं, पुन्हा ओतायचं. गळणाऱ्या पाण्याचं रीडिंग २,९५०वरून १,१००, मग ४२०, मग १६०. दीडशेच्या आसपास आलं की थांबलो. वांडाला आठवडाभर रोज वीस मिनिटं बादलीत बुडवून ठेवलं.

रोजचं पाणी कुठून आणायचं हा पुढचा प्रश्न. नळाची लाइन बदलायला सोसायटी तयार नव्हती, वॉटरप्रूफिंग फुटेल म्हणून. तेही खरंच. मग मोरीतून बादली, चाळीतल्यासारखी. पाणी घालायचं ते खालून गळेपर्यंत, पण कुंडी उतरवून ताटात ठेवून, म्हणजे दहाव्या मजल्याच्या चादरी सुरक्षित. ताटात जमलेलं बोगनवेलीला.

इथे दोन गोष्टी ओघात सांगते, कारण मला त्या नेहमी विचारतात. आरओच्या यंत्रातून फेकलं जाणारं पाणी झाडांना घालू नये म्हणतात. जिथे मूळ पाणीच खारट तिथे ते बरोबर आहे. पण पालिकेचं ६८चं पाणी आत गेलं तर बाहेर फेकलेलं काकूंकडे ९६ आलं. खुशाल घाला. (खरं तर ६८च्या पाण्याला आरओ लागतंच कशाला, पण तो वाद काकांशी घालून झालाय.) दुसरं, एसीच्या नळीतून टपकणारं पाणी. ते जवळजवळ क्षारमुक्त असतं. मी घालते. एसी रसायनाने धुतल्यानंतरचे काही दिवस मात्र नाही.

खत पाच आठवडे दिलं नाही. त्यानंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं खत), लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा आणि मधले दिवस साधं पाणी. डब्यावर लिहिलेलं प्रमाण शेतातल्या मिरचीसाठी असतं, कोळशात बसलेल्या आमरीसाठी नाही.

पुढे काय झालं

एक डेंड्रोबियम मे महिन्यात गेलंच, त्याला मुळं उरली नव्हती. बाकीच्यांना एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नवी मुळं दिसली. आधी बुंध्याशी मोहरीएवढे हिरवे ठिपके, मग बोराच्या काट्यासारखी टोकं. काकू रोज चष्मा लावून मोजत आणि मला आकडा कळवत. वांडाला सगळ्यांत उशीर लागला, त्याची मुळं हिरवी व्हायला पाऊस उजाडला.

मध्ये एक कठीण प्रसंग आला. जूनमध्ये पालिकेने दहा टक्के पाणीकपात लावली, आणि पिण्याचं पाणी फुलझाडांना घालणारे लोक कोण आहेत यावर इमारतीच्या ग्रुपवर चर्चा रंगली. नाव कुणी घेतलं नाही, पण अकराव्या मजल्यावर मोरीतून बादल्या निघतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकू वरमल्या. मला त्यांची बाजू पूर्ण बरोबर वाटली नाही आणि ग्रुपचीही नाही. आम्ही हिशोब केला : दहा कुंड्या, रोज पाच लिटर. आरओचं पाणी आणि भाजी धुतलेलं पाणी मिळून तेवढं सहज निघत होतं. त्यानंतर ताज्या पाण्याची बादली भरलीच नाही. मग पाऊस लागला आणि पिंपं भरून ठेवली. पावसाच्या पाण्याचं रीडिंग १८.

पावसाच्या पाण्याच्या प्रेमात पडून काकूंनी जुलैमध्ये दोन्ही फॅलेनॉप्सिस कठड्यावर उघड्यावर ठेवली. मला सांगितलं असतं तर नको म्हटलं असतं. या झाडाचा शेंडा वाटीसारखा असतो. रानात ते खोडावर आडवं, तोंड खाली करून वाढतं, म्हणून पाणी साचत नाही. कुंडीत उभं लावलं की साचतं. दोन दिवसांत एकाचं मधलं पान पारदर्शक झालं, धरल्याबरोबर हातात आलं आणि कुजक्या बटाट्याचा वास सुटला. जिवाणूंची सड. कापायलाही काही उरलं नाही. हा मात्र मुंबईच्या पावसातला आपला नेहमीचा आजार, खारट पाण्याशी त्याचा संबंध नाही. दुसरं फॅलेनॉप्सिस लगेच आत घेतलं आणि कुंडी तिरकी बांधली.

ते वाचलेलं फॅलेनॉप्सिस फेब्रुवारी २०२५मध्ये फुललं. रात्री काही आठवडे पंचविशीच्या खाली राहिल्या की त्याला फुलाचा दांडा सुटतो, आणि मुंबईत डिसेंबर-जानेवारीत तेवढा गारवा मिळतोच. मागच्या हिवाळ्यातही मिळाला होता, पण तेव्हा पानातच जीव नव्हता. सात फुलं, पांढरी, ओठ पिवळा. सहा डेंड्रोबियमपैकी चार फुलली. सीतेची वेणी तिच्या नेहमीच्या वेळेला, मेअखेर, फुलली. तिला या सगळ्याचं काही सुखदुःख नव्हतंच.

एका डेंड्रोबियमच्या दांड्यावर पिल्लू, म्हणजे नवं छोटं रोप, आलं होतं. मुळं दोन इंच झाल्यावर काकूंनी ते काढून नारळाच्या करवंटीत बसवलं आणि मावशींना दिलं. बाल्कनीतल्या नळाला आता लाल रिबीन बांधलेली आहे. सेक्रेटरींनी पाटी लावतो म्हटलं होतं, ती अजून लागायची आहे.

वांडा जगलाय, मुळं लांब आणि चकचकीत आहेत, पण दादरला आल्यापासून त्याने एक फूल दिलेलं नाही. समोरच्या प्लॉटवरची इमारत आता काकूंच्या बाल्कनीच्याही बरीच वर गेली आहे आणि दुपारचं ऊन साडेतीनलाच अडतं. परवा काकूंनी विचारलं, "आता याला काय करायचं?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. या वेळी आधी दोन आठवडे दर तासाला ऊन कुठपर्यंत येतं ते फरशीवर खडूने आखायला सांगितलंय.